सातवा खांब

द्वारका, नवी दिल्ली
१२ मे १९९९

चि. सौ. भानूस, दादाचे आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं. ऊन भयंकर. पाण्याचा टँकर आला की सगळी सोसायटी बादल्या घेऊन धावते. डोक्यावरून विमान गेलं की बोलणं अर्ध्यावर थांबवायचं, ते गेलं की तिथूनच पुढे. तुझ्या वहिनीला, शुभदाला, आता याची इतकी सवय झालीय की विमान नसतानाही ती मधेच थांबते.

मी इमारतीखालच्या पार्किंगमध्येच फेऱ्या मारतो. एका खांबाला एक कडवं. हणमंत गुरुजींनी घोकून घेतलेलं अजून सगळं येतं. तू अडलीस की मी मागच्या बाकावरून ओठ हलवून सांगायचो, आठवतं? हल्ली सातव्या खांबाशी मीच अडतो.

कादंबरीचं विचारलं होतंस. ती या नव्या वस्तीचीच आहे. एका इमारतीला तडा जातो आणि लोक त्यावर कॅलेंडर टांगतात. तपशील खरा हवा, ही माझी जुनी खोड. सप्टेंबरात सातव्या खांबावर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, केसासारखी चीर दिसली. तिच्या टोकाशी पेन्सिलने रेघ मारून तारीख घातली. मग दर सोमवारी नवी रेघ, नवी तारीख, वहीत नोंद. चीर वर चढली की माझं प्रकरण पुढे सरकायचं.

दिवाळीला सोसायटीचा सेक्रेटरी राजीव, त्याने नवा रंग लावून घेतला, तारखा पुसल्या गेल्या. पाचव्या दिवशी चीर रंगातून वर आली.

"अंकल, प्लास्टर है. नई बिल्डिंग में होता ही है."

"बिल्कुल," मी म्हणालो, आणि घरी येऊन त्याचं वाक्य उतरवून घेतलं. वही त्याला दाखवली असती तर त्याने खांब दुरुस्तीला काढला असता. मग माझ्या कादंबरीचं काय झालं असतं?

फेब्रुवारीत तुझ्या साकेतने विचारलं, "मामा, तुमच्या खालचा फ्लॅट घेऊ का? गुडगावचं ऑफिस जवळ पडेल." चीर तेव्हा माझ्या छातीपर्यंत आली होती. मी म्हटलं, ये. घरात पुन्हा मराठी ऐकू येईल, तुझ्या सुनेचं, पूर्वीचं, बाळ माझ्याकडून कविता शिकेल, एवढंच डोक्यात होतं. चीर माझ्या वहीत होती. ती इमारतीत आहे, हे मी जणू विसरलो होतो.

आता ती छताला टेकलीय. पेन्सिल अर्धी आत जाते.

आपला चौकीदार शंकर त्या खांबाला स्टूल लावून बसायचा. सोमवारपासून तो भर उन्हात बसतो. "अंदर बैठो भाई, लू लग जाएगी," मी म्हटलं. "यहीं ठीक है, बाबूजी," तो म्हणाला. खांबाकडे त्याने पाहिलंही नाही.

तुला फोन करायला तीनदा बूथवर गेलो. तिन्ही वेळा लोणच्याच्या कैऱ्यांवर बोलून परत आलो. म्हणून हे पत्र शुभदाच्या हाती देतोय. तुला भेटायला जा, एवढंच तिला सांगितलंय. तूच वाचून दाखव. मला तिच्यासमोर जमलं नाही.

साकेतचं सामान तेवीस तारखेला निघणार आहे ना? निघू देऊ नकोस. तो चिडेल, माझी सगळी वही त्याला सांग. पूर्वीला इथे पाऊल टाकू देऊ नकोस.

रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. चोवीस घरं, साठ-सत्तर माणसं. मी वही घेऊन उभा राहणार आहे. "अंकल, आपको कब से पता था?" असं राजीव विचारील. पहिल्याच पानावर तारीख आहे. ती मला मोठ्याने वाचावी लागेल.

रविवारला अजून चार दिवस आहेत, भानू. आत्ता वर कोणीतरी पलंग सरकवला आणि माझा हात थांबला. नाही, रविवारची वाट नको. हे पाकीट बंद केलं की वही घेऊन राजीवचं दार वाजवतो.

तुझा, आठ महिने गप्प राहिलेला,
दादा