वाकलेला सात नंबर

ता. १२ फेब्रुवारी, बुधवार
ठिकाण खाली सांगतो.

शुक्रादादा,

तुला आणि आयेला पाया पडतो. शांतीवैनी, हे पत्र तूच दादाला वाचून दाखवणार, म्हणून तुला पण नमस्कार. सावकाश वाच. जबडा तारेनं बांधलेला माणूस मधेच काय विचारू शकत नाय, म्हणून तूच मधे मधे थांब आणि त्याच्या डोळ्यात बघ. पटलं का नाय ते त्याच्या डोळ्यात दिसतं.

मी बरा हाय. फोन बंद हाय, त्याला कारण हाय, सांगतो. आयेला सांग पोट भरलेलं हाय. खोकला गेला.

वैनी, तुझा मेसेज पोचला होता. दादा ज्याची गोल्फची बॅग उचलतो त्या विश्वजीतशेठचा बाप वाडीवर आला, मोसंब्यांची पिशवी ठेवली, आणि म्हणाला की शुक्रा पाय घसरून दगडावर पडला एवढाच जबाब द्या, पळस्प्याला आमच्या डंपरच्या यार्डात त्याला कायमचा लावून घेतो. तू लिहिलंस, "काय करायचं ते सांगा भावजी, घरात चूल तुमच्या दादाच्या हातावर हाय." मी उत्तर दिलं नाय. हे पत्र म्हणजे त्याचं उत्तर समजा.

आधी कामाचं सांगतो.

मी कुठंच टिकत नाय असं तू म्हणायचास. भट्टी सोडली, रोडपालीचं हॉटेल सोडलं, कुरिअर सोडलं. पण बंगळूरच्या या वर्कशॉपात टिकलो, कारण इथं हात रिकामे राहात नाय. सिद्धाप्पा मेस्त्री निपाणीकडचा, मराठी बोलतो, शिव्या कानडीत देतो. गोल्फच्या काठ्यांना पकड बसवायची, दांडा कापायचा, मान वाकवायची. हो, मान वाकवायची. काठीचं पातं शिकंज्यात धरून मानेपाशी जरासं इकडं नायतर तिकडं करतात, खेळणाऱ्याच्या उंचीप्रमाणं.

दादा, तू कायम म्हणायचास की घणाखाली ठोकून केलेलं लोखंड सगळ्यात कडक. मलाही तसंच वाटायचं. आपण भट्टीवरची माणसं, वीट जेवढी जास्त भाजेल तेवढी पक्की. पण हे लोखंड उलटं हाय. ठोकलेलं पातं नरम असतं. भारी खेळणारे त्या नरमपणासाठीच ते घेतात, म्हणतात बॉल हाताला कळतो. साच्यात ओतलेली स्वस्त काठी वाकवायला गेलं तर तुटते. ठोकलेली वाकते. जोरात दगडावर बसली तर मान तिथंच वळते आणि तशीच राहते.

हे ध्यानात ठेव.

सोमवारी एक गिऱ्हाईक आलं. मुद्दाम विमानानं आलं होतं, काठ्यांतले दोन नवीन सात नंबर मारून बघायला. दोन्ही ठोकलेले, दोन्ही जपानचे. एकाचं पातं पातळ, सुरीसारखं, पाठीमागं नुसता लोखंडाचा उंचवटा. दुसऱ्याची पाठ आतून खोदलेली, वजन कडेला सरकवलेलं. मेस्त्रीनं मला बॉल लावायला उभा केला. पॉलिश करत होतो म्हणून तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा, डोक्याला फडकं. आयेनंसुद्धा ओळखलं नसतं.

वैनी, आये जवळ असेल तर तिला पाण्याला पाठव. मग पुढं वाच.

तो विश्वजीत होता.

बरोबर त्याचा मित्र, प्रांजल म्हणून. मला वाटलं मला ओळखून आलाय. तसं नव्हतं. या लोकांना आपली बॅग उचलणाऱ्या कॅडीला भाऊ असतो हेच माहीत नसतं. त्यानं जुनी बॅग माझ्याकडं ढकलली आणि मेस्त्रीला हिंदीत म्हणाला, यातला सात नंबर सरळ करून द्या, सेट चुलतभावाला द्यायचाय.

बॅगेच्या कडीला तुझं पुसायचं फडकं बांधलेलं होतं. वैनीच्या जुन्या लुगड्याचं, हिरवं, कडेला लाल रेघ.

दादा, तू पोलिसांना खुणेनं सात बोटं दाखवलीस तेव्हा त्यांनी शेठची बॅग मागितली होती. तिच्यात सात नंबर नव्हता. शेठ म्हणाला, तो कधीच हरवला. आणि इथं तो माझ्या हातात होता. मान डावीकडं वळलेली. तू वैनीला खुणांनी सांगितलं होतंस ना, पहिला फटका जबड्यावर, दुसरा तू खाली बसलास म्हणून दगडावर. तोच तो.

आमच्याकडं नियम हाय, आलेली काठी पहिली गरम साबणाच्या पाण्यात, मग ब्रश. ते काम माझं. मी बादलीपाशी गेलो आणि पातं उजेडात धरलं. पात्यावर आडव्या खाचा असतात तुला माहीत हाय. आपण प्रत्येक फटक्यानंतर ओल्या फडक्यानं त्या पुसतो, माती राहिली तर टोकदार काडीनं काढतो. त्या खाचा काळ्या भरल्या होत्या. एका खाचेत बारीक केस होता. दाढीचा असतो तसला आखूड.

त्या माणसानं आयुष्यात स्वतःची काठी पुसलेली नाय. पुसणारा तू. आणि तू हॉस्पिटलात होतास.

मी ती धुतली नाय. कोरड्या अॅप्रनमध्ये गुंडाळून बाकाखाली सरकवली.

तेव्हाच निघून आलो असतो तर हे पत्र दुसरंच झालं असतं.

पण मेस्त्रीनं हाक मारली, बॉल लाव. मी लावत गेलो. तो मारत गेला. खोटं कशाला बोलू, माणूस खेळतो चांगला. पातळ पात्यावर मधोमध बसला की आवाजच होत नाय, लोण्यातून सुरी गेल्यासारखा बॉल जातो. मेस्त्री पण मान डोलावत होता. पण जरा टोकाकडं बसला की हाताला झिणझिण्या, बॉल आखूड. खोदलेल्या पाठीचा टोकावर बसला तरी जवळपास तिथंच जातो. बॉल किती लांब गेला असता ते समोर पडद्यावर सगळं दिसतं.

प्रांजल हसला. "विश्वा, हे दुसरं घे. चूक झाली तरी सांभाळून घेतं. तुझं वय झालं आता."

"सांभाळून घेणारं नको मला. ही बघ, ही तलवार आहे."

"तलवार टोकावर बसतेय राव तुझी."

"हा बॉल नीट लावत नाहीये." मग माझ्याकडं बघून हिंदीत, "ए मास्कवाले, सो रहा है क्या?" आणि काठीच्या टोकानं माझ्या गुडघ्यावर ठोकलं. हळू. गाढवाला ठोकतात तेवढंच.

मी बॉल नीट लावला.

मग प्रांजलनं विचारलं, जुना सात वाकला कसा? विश्वजीत मराठीत सांगायला लागला, त्याला वाटलं इथं कोणाला कळतंय.

"अरे, पनवेलला पाहुण्यांबरोबर मॅच होती. माझा कॅडी, वाडीवरचं माकड, मला म्हणतो सात नको शेठ, आठ घ्या. मी सातच घेतला. बॉल गेला झाडीत. पाहुणे हसले, म्हणाले कॅडीला विचारत जा. आणि तो पण हसला."

"मग?"

"मग काय. एकच दिली. दाताचा आवाज आला यार, खडी चावल्यासारखा. दुसरी द्यायला गेलो तर साला खाली बसला, दगडावर बसली. चार हजार किलोमीटरवरून मागवलेला सेट!"

"केस झाली?"

"कसली केस? दुसरा कॅडी म्हणतो मी बॉल शोधत होतो. आणि ह्याच्याकडून बाबा जबाब घेतायत, पडलो म्हणून. वाडीवरची लोकं, मोसंबी दिली की खूश."

वैनी, तू थांबली असशील इथं. तुझा राग नाय मला. मोसंबी आजारी माणसाला लागतात.

विश्वजीत पातळ पात्यानं परत मारायला लागला, मग कंटाळून माझ्याकडं दिला आणि दुसरा घेतला. असा तो पातळ सात नंबर माझ्या हातात आला. नवीन पकड, जरा चिकट. त्यानं विचारलं, "वो पुराना सीधा हुआ क्या?"

मी मास्क काढला. मराठीत म्हणालो, "नाय शेठ. तो सरळ होणार नाय. धुतला पण नाय."

त्याला आधी कळलंच नाय. मग माझं तोंड बघत राहिला. आपल्या दोघांची हनुवटी सारखी हाय, आये म्हणते.

"तू कोण रे?"

"शुक्राचा भाऊ."

त्याचे डोळे बाकाखाली गेले. अॅप्रनमधून दांडा बाहेर दिसत होता. तो तिकडं झेपावला. मी मधे आलो. त्यानं मला छातीवर ढकललं, मी शिकंज्यावर आपटलो, पाठीत लोखंड घुसलं. तो वाकून अॅप्रन ओढायला लागला आणि मी हातातली नवीन काठी उगारली.

दादा, तुझ्याशी खोटं बोलणार नाय. काठी वाचवायला मारलं असं कोर्टात सांगता येईल. पण मी जबड्यावर मारायला गेलो होतो. नेम धरून. तुला जिथं बसली तिथंच. त्यानं हात आडवा घातला म्हणून मनगटावर बसली. मधोमध बसली. हाताला काय लागल्यासारखं वाटलंच नाय मला. एवढं नरम. हात दुसऱ्याच दिशेला लोंबायला लागला, हाड कातडीतून पांढरं वर आलं, रक्त माझ्या तोंडावर उडालं. तो ओरडला नाय, नुसता श्वास आत ओढत राहिला. मग मी गुडघ्यावर मारलं. तिथं थांबायला पाहिजे होतं. परत मारलं. बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण मारताना बरंच वाटलं होतं.

चौथी डोक्यावर पडली असती. मेस्त्रीनं मागून कंबरेला मिठी मारून मला उचललं, लहान पोराला उचलतात तसं. म्हणाला, "मरेल तो! मरेल रे! मग तुझ्या भावाचं कोण ऐकणार?" प्रांजल दारात उभा राहून फोनवर अँब्युलन्स, अँब्युलन्स ओरडत होता. मेस्त्रीनं विश्वजीतच्या हाताला आपला पट्टा आवळून बांधला. मी दोन्ही काठ्या उचलल्या. मेस्त्रीनं बघितलं. अडवलं नाय, जा पण म्हणाला नाय. एवढंच म्हणाला, "जिथं जायचं तिथं सरळ जा."

तो जिवंत हाय. हॉस्पिटलात फोन लावून विचारलं, मग फोन बंद केला.

आता ठिकाण सांगतो. कराडच्या अलीकडं ट्रकचा ढाबा. कळंबोलीला लोखंड नेणारा ट्रक हाय, ड्रायव्हर माझ्या ओळखीचा. दुपारचं ऊन हाय, तो बाजेवर झोपलाय, मी त्याच्या वहीची पानं फाडून लिहितोय. मला तो पळस्प्याला उतरवेल. मग हे पत्र वाडीवर आणून देईल. त्याला चहा द्या.

मी घरी येणार नाय. आलो तर आये पायाला मिठी मारेल आणि मी परत पळून जाईन, मला माझी सवय माहीत हाय. पळस्प्याहून सरळ पनवेलला पोलिसांकडं जाणार. दोन्ही सात नंबर त्यांच्या टेबलावर ठेवणार. एकावर तुझं रक्त, एकावर त्याचं. दोन्ही कोणी कोणाला मारले ते सांगणार. माझा मी कबूल करणार. तुझ्याबद्दल मी काय सांगू? मी तिथं नव्हतो, आणि शेठच्या तोंडून ऐकलं म्हटलं तर माझं कोण मानणार? ते म्हणतील, हाच त्याला मारून आला, ह्यानंच ती काठी वाकवली, ह्यानंच रक्त लावलं. खाचेतलं रक्त तुझं हाय हे तपासून कळेल म्हणतात. पण ते तिथं आलं कसं, हे तुझ्याशिवाय कोण सांगणार? तुझ्याबरोबरच्या कॅडीनं, गणूनं बघितलं, पण तो घाबरतो. त्याला दोष देऊ नको, त्याला रोज त्याच मैदानावर जायचंय.

मी जर ती काठी गुपचूप घेऊन आलो असतो, तर सगळं सोपं होतं. मी अवघड करून ठेवलं. तुझ्या केसमध्ये माझी केस घुसवली. हे मला त्या ट्रकमध्ये बसल्यावर कळलं, आधी नाय.

म्हणून एकच मागतो. यार्डातलं काम नको म्हण. वैनी, चूल कशी पेटेल ते मला माहीत नाय, मी आत असेन, माझा काय उपयोग होणार नाय. तरी मागतो. दादा पडला असा जबाब दिलात, तर तो शेठ निर्दोष माणूस, आणि मी वाटेत उभ्या माणसाचं मनगट तोडणारा गुंड. आणि दादाचा जबडा कुठल्याच माणसानं मोडला नाय, दगडानं मोडला. तेवढं होऊ देऊ नका.

मला भेटायला येऊ नको. तार काढायच्या दिवशी डॉक्टर म्हणेल काहीतरी बोलून बघ. आयेला हाक मारू नकोस. माझं नाव घेऊ नकोस. पोलिसाला तिथंच बोलवून घे आणि पहिलं नाव त्या शेठचं घे, मोठ्यानं.

तुझ्या तोंडून ते निघेपर्यंत निव्वळ गुन्हेगार असलेला,
तुझा भाऊ
जीवन