मनातली पाल आणि बाथरूमचं दार

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजपासून मी पुन्हा प्रोजेक्ट मॅनेजर. प्रोजेक्ट: घरचं बाथरूम. क्लायंट: ही. डेडलाइन: शनिवार, बावीस तारीख.

हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सध्या लेकीकडे आहे, वॉकर घेऊन चालते. आमच्या बाथरूमला वीतभर उंबरा, दार चिंचोळं, फरशी अशी की धडधाकट माणसानंही जपून जावं. डॉक्टरांनी हिला बजावलंय, वॉकर थेट आत जात असेल तरच घरी जा, नाहीतर उन्हाळा संपेपर्यंत लेकीकडेच राहा. उन्हाळा संपेपर्यंत! सकाळी सवयीनं दोन कप चहा केला. दोन्ही मीच प्यायलो. साखर एकातही नव्हती.

जावई म्हणाले, कॉन्ट्रॅक्टर देतो. मी नको म्हणालो. मोठमोठ्या गोदामांची कामं ज्यानं उभी केली, त्याला एक बाथरूम म्हणजे काय! आणि ती कामं मी कशावर केली? इंट्यूशनवर. हाताखालचा एक जण दिवसभर मोजत बसायचा, आम्ही त्याला 'टेप' म्हणायचो. मी डोळे मिटून सांगायचो, तो जाऊन मोजायचा, मग येऊन माझ्या कानात आकडा सांगायचा आणि मी तो जाहीर करायचो. कायम बरोबर निघायचा. टेप फार वर्षांमागे परदेशी गेला. माझी इंट्यूशन इथंच आहे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

लेकीनं कानाचं मशीन आणून दिलं. उजव्या कानासाठी. आत खाज येते, म्हणून मी नुसतं टेकवून ठेवतो. लेक म्हणाली, बाबा, पूर्ण आत दाबून बसवायचं, नाहीतर... पुढचं ऐकू आलं नाही, कारण तोवर मी ते काढलं होतं.

संकल्प: रोज दहा मिनिटं शांत बसून अंतर्मनाचा आवाज ऐकणे.

बुधवार, ५ फेब्रुवारी. दुपार.

चमत्कार.

प्लंबर आला होता. पाइप बघून म्हणाला, उद्या सकाळी नऊला हजर होतो, काका, शब्द देतो. मी माझ्या नेहमीच्या पद्धतीनं विचारात पडलो. म्हणजे उजवा तळवा कानशिलावर, मान किंचित कलती. शाळेत कविता आठवेना की असाच बसायचो. आणि त्याच क्षणी माझ्या मनात पाल चुकचुकली.

आजवर 'पाल चुकचुकली' हे मी नुसतं म्हणत आलो. आज ती ऐकली. बारीक, तीक्ष्ण, अगदी स्पष्ट: चुक्, चुक्, चुईं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

प्लंबर आला नाही!! अंतर्मनाला काल दुपारीच कळलं होतं. एका पिढीत अशी देणगी एखाद्यालाच मिळत असावी.

शनिवार, ८ फेब्रुवारी

गवंडी कामाला लागला. मोठ्या आवाजाचा, पोटातलं ओठावर आणणारा माणूस. उंबरा फोडायला किती वेळ लागेल विचारलं, तर म्हणाला, तासाभरात उडवतो. मी कानशिलावर तळवा ठेवला. चुक्, चुईं. (उंबरा फुटेपर्यंत दुपार झाली.)

गंमत म्हणजे गवंड्यानं छिन्नी थांबवली आणि इकडेतिकडे पाहत विचारलं, काका, घरात पाल आहे काय हो? मी हसलो. म्हणालो, घरात नाही, मनात आहे. त्यानं तरीही कपाटाच्या मागे झाडू फिरवला. इंट्यूशन इतकी प्रबळ झाली आहे की आता जवळच्या माणसांनाही जाणवू लागली.

रविवार, ९ फेब्रुवारी

हिचा फोन. फोन उजव्या कानाला लावला आणि पाल जी सुरू झाली ती थांबेचना. ही म्हणत होती, अहो, नवीन चौकट आणण्याआधी वॉकर मोजून घ्या. थांबा, इथं मोजून मीच आकडा सांगते. तिनं आकडा सांगितला. पाल अक्षरशः किंचाळली. याचा अर्थ उघड आहे: आकडा चुकला. बिचारी आजारी माणूस, टेप धरताना हात थरथरला असणार. मी काही बोललो नाही. क्लायंटला दुखवू नये.

फोन ठेवताना ती काहीतरी हळू आवाजात म्हणाली. पालीच्या गोंगाटात शब्द गेले, पण भाव पोचला. आठवण येते, असं म्हणाली असणार. संसाराला इतकी वर्षं झाली की शब्दांची गरज उरत नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

चौकटीचा निर्णय आज.

कवितेचे गुरुजी म्हणायचे, अर्थ नंतर, आधी चाल पकडा. ओळ अडखळली नाही म्हणजे ती खरी. आम्ही चाळीस जण डोळे मिटून, बाकांवर ताल धरून म्हणत असू. खिडकीतून येणाऱ्या उन्हात खडूची धूळ सोन्यासारखी दिसायची. गुरुजींनी मला एकदा अर्थ विचारला होता, तेव्हा मात्र पूर्ण तास उभं केलं. असो.

दुकानात डोळे मिटले. ही वॉकर घेऊन बाथरूमकडे येते आहे, असं चित्र आणलं. आपोआप ओळ सुचली:

ये सखी तू मंद पाउली, दार तुझे हे, तुझी सावली.

तीनदा मोठ्यानं म्हटली. कुठंही अडखळली नाही. म्हणजे वॉकरही अडखळणार नाही. दुकानदारानं पाणी आणून दिलं.

रुंद चौकट होती, ती दांडगट, गोदामाची वाटत होती. दुसरी सडपातळ, कडेला नाजूक खाच. तीच घेतली. दोन्ही हातांनी धरून नीट न्याहाळली, पाल गप्प. शिक्कामोर्तब.

बुधवार, १२ फेब्रुवारी

गवंडी चौकट बघून म्हणाला, काका, एवढीच? मी म्हणालो, एवढीच. तो म्हणाला, काकूंचा वॉकर मोजलात ना? मी म्हणालो, तू भिंत बघ. तो म्हणाला, भिंतच बघतोय, म्हणून तर विचारतोय.

मी चौकटीचं एक टोक धरलेलं, त्यानं दुसरं. पाल गप्प. मात्र पोटात एकदम खड्डा पडल्यासारखं झालं. बराच वेळ गेलं नाही. नाश्ता न केल्याचा परिणाम. दोन टोस्ट खाल्ले. खड्डा तसाच. मग सोडून दिलं. पोटाचं ऐकून कुणी प्रोजेक्ट करत नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

चौकट बसली. भिंतीला हँडल बसलं. खरखरीत फरशी आली (गुळगुळीत मागवली होती, दुकानानं चुकून पाठवली, ठेवून घेतली). उंबरा गेला. मी बाथरूममध्ये उभा राहून ओळ म्हटली. आत फार छान घुमते. गवंड्याला पाठ झाली आहे. सिमेंट कालवताना गुणगुणतो, पण 'मंद पाउली'च्या जागी 'मंद माउली' म्हणतो. सुधारून दिलं.

आता तो पालीचा सल्लाही मागतो. परवा म्हणाला, मेव्हण्याला मोटरसायकल वापरायला देऊ का, विचारा की. मी तळवा ठेवला. चुईं. तो म्हणाला, वाटलंच होतं मला. घरी जाऊन नाही म्हणाला. त्याची बायको दोन दिवस बोलत नाहीये असं कळलं. सत्य कडवट असतं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

हिचा फोन. पाल जोरात. ही म्हणाली, दार मोजलंत का? मी म्हणालो, सगळं मापात आहे. (ओळीतल्या मात्रांचं मापही मापच.) आज पुन्हा शेवटी तेच हळवं काहीतरी. मीही घसा साफ करून म्हणालो, मलाही. पलीकडे क्षणभर शांतता. भारावली असणार.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सगळं तयार. बेडशीट बदलली. तिच्या कपाला बशी शोधली. रात्री मशीन काढून ठेवलं तरी पोटातला तो खड्डा परत आला. टोस्ट संपले आहेत.

शनिवार, २२ फेब्रुवारी

लिहू की नको.

अकराला आली. लेक मागे, गवंडी रंगाचा शेवटचा हात मारायला थांबलेला. ही सावकाश चालत बाथरूमपाशी आली, उंबरा गेलेला पाहून चेहरा असा फुलला की मला वाटलं, बस, निवृत्ती आता घ्यावी. मग वॉकर पुढे सरकवला.

ठक.

तिरका केला. ठक. उचलून वॉकरचा एक पाय आत नेला, दुसरा बाहेर राहिला. सडपातळ चौकटीत वॉकर अडकला आणि ही वॉकरच्या मागे. गवंडी हळूच पुटपुटला, ये सखी तू मंद माउली. लेकीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो ब्रश धुवायला गेला. लेक म्हणाली, आई, चल परत. बाबा, अहो, आकडा सांगितला होता ना आईनं!

मी खाली बसलो आणि दोन्ही हातांत डोकं धरलं. चुक्, चुक्, चुईंईंईं.

ही एकदम म्हणाली, अगंबाई, हीच ती पाल! मी चमकलो. तुलाही ऐकू येते? ती म्हणाली, मला? रोज फोनवर ऐकतेय की. मला वाटलं, घरात पाल शिरलीय आणि हे हाकलत नाहीत. लेक म्हणाली, पाल कसली, आई, मशीन शिट्टी मारतंय! नीट बसलं नाही आणि वर हात किंवा फोन आला की वाजतं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं यांना.

ही दाराच्या चौकटीला धरून पुढे वाकली आणि एका बोटानं मशीन माझ्या कानात दाबलं. मी तळवा ठेवून पाहिला. काढून पुन्हा ठेवला. काही नाही. फक्त बाहेर गवंडी कुणाला तरी फोनवर सांगत होता, अगं, दे त्याला मोटरसायकल, दे.

ही आधी खुसखुसली, मग इतकी हसली की लेकीला तिला धरावं लागलं. तासाभरानं दोघी परत गेल्या. जाताना ही म्हणाली, फरशी मात्र झकास निवडलीत. मी मान डोलावली.

सोमवार, २४ फेब्रुवारी

चौकट परत फोडायला घेतली. गवंडी नुसता गुणगुणतो.

पोटातला खड्डा शनिवारी अकरा वाजता, वॉकर ठक्कन अडला त्याच क्षणी, भरून आला. यावर विचार करायला हवा. कदाचित खरी इंट्यूशन पोटात असते. संकल्प: उद्यापासून पोटाकडे लक्ष देणे.

संध्याकाळी हिचा फोन. मशीन नीट दाबून घेतलं. इतका स्वच्छ आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. तिच्या बांगड्यासुद्धा ऐकू आल्या. फोन ठेवताना ती नेहमीचं ते हळवं वाक्य म्हणाली. आज पहिल्यांदा शब्दांसकट कळलं.

ती म्हणाली, कानातलं नीट बसवा.

मी विचारलं, रोज हेच म्हणत होतीस? म्हणाली, रोज. आणि एकदा तर तुम्ही म्हणालात, मलाही.

मग, आठवण येते, असं मीच म्हणून टाकलं.

ती म्हणाली, ऐकू आलं. आधी दार मोजा.