बर्थाचं खाणं

९ जानेवारी, मंगळवार
बर्थाच्या दोन्ही डोळ्यांत पांढरी कड आलीय. अर्विड म्हणाला, म्हातारी झाली आपली घोरपड, आता चष्मा लागणार. हसला — पण तिच्या काचेच्या पेटीसमोरून हलला नाही.

११ जानेवारी
डुलुथ शहरात जनावरांच्या डॉक्टर लिंडक्विस्टबाईंकडे नेलं. गाडी तापेपर्यंत अर्विडनं तिला कोटाच्या आत पोटाशी धरली होती.
डोळ्यांत कोलेस्टेरॉल साचलंय! रक्त काढलं तर वर सायीसारखा थर. जिवाला धोका आहे, बाई म्हणाल्या. जास्त खाण्यानं होतं हे, रानात तिला इतकं कोण वाढणार होतं?
खायला कधी घालता, त्यांनी विचारलं.
"फक्त मंगळवारी. उंदराची दोन पिल्लं," अर्विड म्हणाला.
बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मीही. फ्रीजरमधली गोठवलेल्या पिल्लांची पाकिटं किती भराभर संपतात, ते मला दिसतं.
आता निम्मंच द्यायचं.

१२ जानेवारी
तळघरात भांडण. अर्विड म्हणतो, तूच लपून घालत असशील. मी! मी त्या पिल्लांना हातसुद्धा लावत नाही.

२० जानेवारी
बर्था तसूभर बारीक झाली नाही. नवं पाकीट परवाच आणलं, आज अर्धं रिकामं. मी त्याला खोटारडा म्हणाले. संसाराच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा.  त्यानं पिल्लं भरवायचा चिमटा धुतला, पुसला, खिळ्याला अडकवला.

२७ जानेवारी
बोलणं बंद. बर्था चिमटा जवळ आला तरी डोकं वळवत नाही. वासावरून तोंड उघडते.

३ फेब्रुवारी
बर्था गेली. पेटीतल्या उबेच्या दिव्याखाली, दगडावर. हृदयच असणार, बाई फोनवर म्हणाल्या.
जमीन गोठलेली. पुरता येईना. अर्विडनं तिला त्याच्या लोकरी शर्टात गुंडाळून गॅरेजमध्ये ठेवलीय, बर्फ उतरेपर्यंत. तिथेच उभा राहून रडला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. गेले नाही. तूच मारलीस तिला, असं तोंडावर आलं होतं.

६ फेब्रुवारी
सकाळी सिंकमध्ये कोमट पाणी, त्यात दोन पिल्लं. "आज मंगळवार ना," अर्विड म्हणाला.
मी म्हटलं, बर्था गेली, अर्विड. शनिवारी.
त्याचा चेहरा शनिवारी झाला होता तसा झाला. खुर्चीत बसून रडला. या वेळी मी जवळ गेले. मग तो पेपर आणायला बाहेर गेला, आत आला, बुटांवरचा बर्फ झटकला आणि फ्रीजर उघडला.
"आज मंगळवार ना."