उजव्या गालाची तक्रार नाही

प्रिय उबैदअका,

सलाम. मॉस्कोत थंडी असेल. छातीला लोकरीचं काही घालत जा. इथे इस्तरवशानला आम्ही दोघं बरे आहोत. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांचा उजवा हात उचलला जात नाही, बाकी जेवण वगैरे ठीक. तू लग्न पुन्हा पुढे ढकलल्याचं कळलं. घाई नाही, कामं आटपून ये.

कळवायचं एवढंच, की मी दाढी करायला शिकते आहे. (बाबांची.) चाळीस वर्षं गावाच्या दाढ्या केलेला माणूस दुसऱ्या न्हाव्यापुढे बसायला तयार नाही. मी प्रयोगशाळेत पाण्यातले क्षार मोजणारी, त्यामुळे सुरुवात पद्धतशीर केली: वस्तऱ्याचा कोन तीस अंश, कोनमापकाने तपासून. पातं कागदासकट मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात सरकवायचं, हे पहिल्याच दिवशी जमलं. (दुसरं अर्धं बोटात गेलं.) मग फेस लावलेल्या फुग्यांवर सराव. फुगा फुटला की बाबा खाटेवरून म्हणायचे, “हेही गिऱ्हाईक गेलं. त्याच्या घरी कळव.” नववा फुगा वाचला. बाबांनी तो डाव्या हाताने पुसला आणि म्हणाले, “जा बेटा, सुखी राहा.”

त्यानंतर खुद्द बाबा. डावा गाल मी एकही ओरखडा न काढता केला, तरी सारखं, “हळू गं, मेंढी कातरतेस का?” उजव्या गालावर तीन ठिकाणी कापलं. रक्त हनुवटीपर्यंत आलं. बाबा डोळे मिटून म्हणाले, “आता बघ, हात कसा हलका पडला.” त्या बाजूला त्यांना काहीच जाणवत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी तुरटी फिरवली, आरसा कपाटात ठेवला आणि होय म्हटलं.

तेव्हा सगळं व्यवस्थित आहे. काळजी नसावी.

तुझी बहीण,
झुम्रद

ता. क. पाती पाठव. इथली बोथट निघतात.

ता. क. २. बाबांना कापल्याचं ठाऊक होतं. उशीवर डाग पडले होते. ते म्हणाले, “माझ्या थोबाडाचं काय घेऊन बसलीस? मी तुला उबैदसाठी शिकवतोय.” लग्नाच्या दिवशी रिवाजाप्रमाणे सगळ्यांसमोर नवरदेवाची, म्हणजे तुझी, दाढी त्यांनाच करायची होती. आता वस्तरा मी धरायचा आणि माझ्या मनगटावर त्यांचा डावा हात असेल. बाईने वस्तरा धरला म्हणून कोणी बोललं, तर त्याला ते बघून घेतील.

ता. क. ३. वर घाई नाही असं लिहिलं आहे, ते चुकलं. डावा हातही थरथरायला लागला आहे. दाढी वाढव आणि ये.