वीरण्णाच्या गोळ्या नव्हत्या

कुष्टगी, ता. ९ मार्च

चि. महादेवीस,
कस्तुरी अक्काचा आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहोत. अव्वाचे गुडघे कसे आहेत? माझ्या भावाने, गुरुलिंगाने, विहिरीवर नवी मोटर बसवल्याचं कळलं. चांगलं केलं. माझी कंडक्टरची ड्युटी अजून हुबळीच्याच गाडीवर आहे आणि ड्रायव्हरही तोच, हुलगप्पा. त्याच्या मोठ्या मुलीचं लग्न ठरलंय, त्यामुळे हल्ली हॉर्न कमी वाजवतो आणि बोलतो जास्त.

अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. तुला एका डोळ्यानेच वाचावं लागतं, हे मला माहीत आहे.

फोन करता आला असता असं म्हणशील. तीनदा लावला होता. तू ‘हॅलो’ म्हणालीस की मी ठेवून देत होते. तो अनोळखी नंबर माझाच.

गेल्या महिन्यात मी आजारी होते. तोच जुना त्रास, लघवीला जळजळ. दर दहा मिनिटांनी जावंसं वाटायचं आणि गेलं की चार थेंब. एकदा लाल दिसलं. आमच्या नोकरीत हे नवं नाही. चार तासांच्या फेरीत बाईमाणसाला उतरायला जागा नसते, म्हणून आम्ही पाणीच पीत नाही. हुलगप्पाला सांगायची वीस वर्षं लाज वाटली. या वेळी कोप्पळच्या पुढे मी सीटचा दांडा धरून उभी राहिले, तिकिटं फाडता येईनात. त्यानेच विचारलं, “अक्का, तोंड असं का? भाडं न देता कोणी उतरलं का?” मी सांगून टाकलं. पुढच्या पेट्रोल पंपावर त्याने गाडी घातली. मागून लोक ओरडले, “काय झालं, पंक्चर?” तो म्हणाला, “पंक्चर नाही. माणूस उतरलाय. गप्प बसा.”

दुसऱ्या दिवशी रजा टाकून डॉक्टरांकडे गेले. बसस्टँडच्या मागे बसतात त्या नसरीनबाई. वयाने माझ्याहून लहान, पण बोलणं हेडमास्तरणीचं.

“ताप? थंडी? कंबरेत दुखतं?”
“नाही.”
“पाळी चुकली आहे का? किडनीचं काही? दुसरी कुठली औषधं? कुठल्या गोळीने अंगावर कधी काही उठलं होतं?”
सगळ्याला नाही म्हटलं.
“याआधी असं झालं होतं?”
“सव्वा वर्षापूर्वी.”
“तेव्हाच्या गोळ्या पूर्ण घेतल्या?”
“तीन दिवस घेतल्या. बरं वाटलं, सोडल्या.”
“आणि उरलेल्या?”

मी म्हटलं, टाकून दिल्या.

त्यांनी लघवी तपासायला घेतली आणि दोन दिवसांनी रिपोर्ट पाहून मगच गोळ्या बदलायच्या की नाही ते ठरवू म्हणाल्या. तोवर पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, पोटात रोटी गेल्यावरच. लघवी गडद पिवळी होईल, घाबरू नका. ॲसिडिटीची पावडर सोबत घेऊ नका. पाणी प्या. अंगावर पुरळ आलं किंवा दम लागला तर गोळी थांबवा आणि तडक इकडे या. बरं वाटलं तरी पाचही दिवस घ्या. शेवटी म्हणाल्या, “आणि कोणी कितीही मागितल्या तरी यातली एकही द्यायची नाही.”

मी ‘बरं’ म्हटलं आणि बाहेर येऊन त्यांच्या पायरीवर बसले.

महादेवी, आता पुढचं लिहिते.

बसवण्णाच्या जत्रेच्या आदल्या दिवशी तू चुलीपाशी बसून मला हळूच म्हणालीस, “अक्का, खाली आग होते गं. त्या डॉक्टरला पुरुषमाणसाला कसं सांगू?” मी पर्समधून माझ्या उरलेल्या गोळ्यांचं पाकीट काढलं. त्यात सात गोळ्या होत्या. मी म्हटलं, “मला तीन दिवसांत आराम पडला. तूही घे. सोन्यासारखा गुण आहे.” तुला काही विचारलं नाही. विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

पुढचं तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. जत्रेनंतर आठ दिवसांनी ताप, डोळे लाल. गुरुलिंगाने वीरण्णाच्या दुकानातून तापाच्या दोन गोळ्या आणल्या, त्या तू घेतल्यास, आणि दुसऱ्या दिवशी तोंडात फोड, अंगाची कातडी सुटली. हुबळीच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, काय काय घेतलं होतं? गुरुलिंग म्हणाला, वीरण्णाच्या गोळ्या. मी त्याच्या शेजारी उभी होते. माझ्या हातात तुझ्या साडीची पिशवी होती. मी काही बोलले नाही.

वाटलं, आधी तू बरी हो, मग सांगू. तू वाचलीस, एक डोळा मात्र गेला; तोवर गुरुलिंगाने देवळासमोर वीरण्णाच्या कानाखाली मारली होती आणि गावाने त्याच्या दुकानात जाणं सोडलं होतं. मग सांगणं आणखी अवघड झालं. मग मी गावी येणंच बंद केलं. तुम्हाला वाटलं, अक्काला नोकरीचा गर्व झाला. मी वाटू दिलं.

तोंडातले फोड बरे झाल्यावर तुला बोलता येत होतं. तू माझं नाव घेतलं नाहीस. का, ते मी विचारणार नाही.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. गोळ्या बरोबर होत्या, बदलाव्या लागल्या नाहीत. सव्वा वर्षापूर्वीच्या त्या गोळ्या मात्र माझ्या जंतूंवर आता लागू पडत नाहीत, असं त्या कागदावर होतं. “अर्धवट औषध घेतलं की जंतू असे निगरगट्ट होऊ शकतात,” बाई म्हणाल्या. मग मीच म्हटलं, “बाई, उरलेल्या टाकल्या नव्हत्या. भावजयीला दिल्या होत्या.” आणि सगळं सांगितलं.

वाटलं, त्या ओरडतील. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “तिच्या हॉस्पिटलला हे माहीत आहे?”
“नाही.”
“म्हणजे त्यांच्या कागदावर तापाच्या गोळीचं नाव आहे?”
“हो.”
“अहो, मग ती बाई भलत्याच गोळीला घाबरून राहिली आहे, आणि खरी गोळी तिला उद्या कोणीही देईल! डोळ्याचं औषध चालू आहे ना तिचं? तसल्या थेंबांतही हे औषध असू शकतं. पुन्हा अंगात गेलं तर नुसत्या डोळ्यावर निभावणार नाही.”

सव्वा वर्ष मी फक्त माझी लाज सांभाळली. गप्प राहून रोज तुझ्या जिवाशी खेळते आहे, हे डोक्यात आलंच नव्हतं.

ट्रंकेतून त्या वेळची डॉक्टरची चिठ्ठी शोधून नेली. तिच्यावरून बाईंनी औषधाचं नाव मोठ्या अक्षरात लिहून दिलंय. सल्फाचं औषध आहे. तो कागद या पत्रात आहे. आधी डोळ्याचे थेंब डॉक्टरांकडून तपासून घे, उद्याच. मग हुबळीला जाऊन हा कागद दाखव. तापाची गोळी चालेल की नाही तेही तेच सांगतील, आपल्या मनाने घेऊ नकोस. कागदाच्या प्रती काढ, एक कायम जवळ ठेव.

मंगळवारी वीरण्णा माझ्या गाडीत होता. बाजाराला जातो, खिडकीकडे तोंड करून बसतो, पैसे न बोलता पुढे करतो. मी तिकीट दिलं नाही. शेजारी बसले आणि सांगितलं. तो म्हणाला, “अक्का, मी तर धरूनच चाललो होतो की माझ्या गोळ्या नासक्या निघाल्या. तिचा डोळा मीच घेतला म्हणून बायकोपुढे रडलोय.” मी माफी मागितली. तो म्हणाला, “माझ्याकडे बसमध्ये मागून काय? ज्याने मला मारलं त्याला सांग.” आणि तिकीट मागितलं.

माझ्या गोळ्या संपल्या. दहाच्या दहा घेतल्या. बरी आहे.

हे पत्र एकटीने वाचून पेटीत ठेवू नकोस. तुझी दया मला ठाऊक आहे. गुरुलिंगाला दे, अव्वासमोर मोठ्याने वाचू दे. त्याला सांग, रविवारी सकाळच्या गाडीने मी येते आहे. देवळासमोर उतरेन, घरी नंतर. वीरण्णाला तिथे बोलावून ठेवा. चार माणसं असली तर बरंच. जे सांगायचं ते मीच सांगेन. त्यानंतर घरात घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुझ्या हातावर त्या गोळ्या ठेवणारी,
कस्तुरी