मामाचा वन्समोर

मुर्री,
२४ नोव्हेंबर २०२५

ती. गुलाबदादास,
धाकट्या अल्काचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि तू फोन कापतोस, म्हणून आपलं पत्रच बरं. पत्र मध्येच कापता येत नाही, तेव्हा आता शेवटपर्यंत वाच.

तू सगळ्यांना आशीर्वाद लिहिलेस. यांना जयभीम, माझ्या देवानंदला आशीर्वाद, लेक आचलला आशीर्वाद, शेजारच्या सुशिलाबाईच्या गुडघ्यांचीसुद्धा चौकशी. फक्त माझ्या सुनेचं नाव नाही. दोन वर्षं झाली दादा, तुझ्या एकाही पत्रात रीता नाही. ती ख्रिस्ती आहे म्हणून तुझा राग नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. पोरांनी ऑफिसात जाऊन लग्नाच्या सह्या केल्या आणि मामाला बोलावलं नाही, हे तुला लागलं. भाच्याच्या लग्नात मामानं पाठीशी उभं राहायचं, तो तुझा मान हुकला. कबूल. आम्हालाही आदल्या दिवशीच कळलं होतं. पण घाई केली देवानंदनं, त्याला तू आशीर्वाद देतोस, आणि अबोला धरतोस तिच्याशी. हा कुठला न्याय?

आता कामाचं. २१ डिसेंबरला, रविवारी संध्याकाळी, इथे गोंदियात रेल्वे कॉलनीकडच्या जुन्या चर्चमध्ये नाताळच्या गीतांची उपासना आहे. दरवर्षी असते. आजवर रीताचे वडील गायनमंडळ बसवायचे. यंदा त्यांच्या हातांना कंप सुटला, म्हणून पहिल्यांदाच रीता सगळ्यांसमोर उभी राहणार आहे. दवाखान्यातली नर्सची ड्युटी संपवून तालमीला जाते. घरी पोळ्या करताना लाटणं हवेत फिरवून ताल धरते, परवा ते यांच्या चष्म्याला लागता लागता राहिलं. मला म्हणाली की मामाजी दंडारीच्या खेळात गायचे ना, त्यांच्या कानावर एकदा पडलं पाहिजे. तिनं कधी नाही ते काही मागितलं, म्हणून लिहिते आहे.

२५ तारखेला तुमचा मनुस्मृती दहन दिनाचा कार्यक्रम असतो हे कारण सांगू नकोस. मी २१ लिहिलं आहे.

वहिनीला जयभीम. माझ्यावरचा लोभ असू दे, आणि थोडा उरला तर पुढच्या पत्रात कोणाच्या नावे घालायचा ते तुला समजतंच.

तुझी,
अल्का


दरेकसा,
२ डिसेंबर २०२५

चि. सौ. अल्कास,
गुलाबदादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं, शेवटपर्यंत वाचलं. इकडे सर्व खुशाल. धान घरात आलं, लाखोळी उगवली. रानडुकरांनी बांधीचा एक कोपरा उकरून ठेवला आहे, त्यांच्यावर माझा राग आहे. बाकी माझा कोणावर राग नाही. लिहायला जागा पुरली नाही म्हणून एखादं नाव राहून जातं. तू त्याचं पुराण करू नको.

तुझं ते गाणं काय प्रकारचं आहे ते मी रामलालला विचारलं. आमच्या दंडारीला त्यानं उभा जन्म ढोलकी वाजवली, त्याला गाण्यातलं कळतं. त्यानं सांगितलं की त्यात ढोलकी नसते. मग मी कायले येऊ, असं मी त्यालाच विचारलं. ढोलकी नाही, नाच नाही, सोंग नाही, ते गाणं उभं तरी कशावर राहते? आणि मी आलो तर तिकडे मला कोण ओळखते?

रत्नपालरावांना जयभीम. देवानंद आणि आचलला आशीर्वाद. सुशिलाबाईच्या गुडघ्याला एरंडाचा पाला बांधा.

तुझा,
गुलाबदादा

ता. क. हे तुझी वहिनी रुख्मा जवळ उभी राहून लिहायला लावून राहिली आहे. आम्ही येतो. रामलालही येतो, त्याला ढोलकी नसलेलं गाणं पाहायचं आहे. सोबत चादरी, घोंगड्या किती आणायच्या ते कळव. कार्यक्रम पहाटेपर्यंत चालत असेल.


मुर्री,
२२ डिसेंबर २०२५

ती. दादास,
जयभीम. वि. वि.

कालचं सगळं डोक्यात घोळतं आहे. आधी चांगलं लिहिते, मग तुझी पाळी.

दिवे मालवले तेव्हा सुशिलाबाई माझा हात धरून बसली होती. ती मुळात केक खायला आली होती, हे तिनं स्वतःच मला वाटेत सांगितलं. मग मागच्या दारातून एकच आवाज आला. सोबत पेटी नाही, काही नाही. मेणबत्ती घेऊन रीता गात गात पुढे चालत आली, आणि तिच्या मागून एकेक आवाज मिळत गेला. माझ्या घरात भाजी फोडणीला टाकताना बोलते तीच ही मुलगी, पण मला तिचा आवाज ओळखू आला नाही. भाताच्या रोवणीच्या दिवसांत चार बांध्यांत बायका वेगवेगळं गातात आणि लांबून ते एकच गाणं वाटतं, तसं मला वाटलं. चार आवाज चार वाटांनी जात होते आणि कोणी कोणाच्या पायात येत नव्हतं. रामलालनं माझ्या कानाशी येऊन विचारलं की ताई, ढोलकी नाई तर हे लोक समेवर येऊन कसे राहिले? मी त्याला रीताचा हात दाखवला. मग त्यानं त्या हातावरची नजर काढलीच नाही. हे तर गाणं संपलं की दर वेळी चष्मा पुसत होते आणि थंडीनं काच धुरकट होते असं मला सांगत होते.

आणि तो मराठी पाळणा! बाळ येशूचा असला तरी पाळणा तो पाळणाच. मला माझी दोन्ही बाळं आठवली. पाळणा संपला आणि सगळं चर्च चूप झालं. मेणबत्तीची वात तडतडली तेवढीच काय ती ऐकू आली. सुशिलाबाईनं हात जोडले होते.

आणि अशा वेळी तू काय केलंस? घोंगडी बाजूला सारून उठलास, आणि हात वर करून मंडईच्या जत्रेत नाटकाला ओरडतात तसा वन्समोर म्हणून ओरडलास! तेही दोनदा! सगळी मंडळी वळून आपल्याकडे पाहायला लागली. पाळकसाहेब पुस्तक उघडून पुढचा पाठ वाचायला उभे राहिले होते, ते तसेच थांबले. रीताचा हात वरच्या वर राहिला. नशीब माझं, पुढच्या बाकावर तिचे वडील होते. त्यांनी आपला थरथरता हात उचलला, पुन्हा गा अशी खूण केली, आणि पाळणा पुन्हा झाला. पण मी मान वर केली नाही.

मी बाहेर तुला बोलले ते सगळ्यांसमोर बोलले, हे चुकलं असेल. पण मला खरंच वाटलं दादा, की दोन वर्षांचा राग तू त्या पोरीच्या पहिल्याच दिवशी, तिच्याच माणसांत काढलास. तिची थट्टा केलीस. आणि मग घोंगडी खांद्यावर टाकून, वहिनीला आणि रामलालला घेऊन स्टेशनवर निघून गेलास. आत ती तुझ्यासाठी ताट वाढत होती.

रागावलेली असले तरी तुझीच,
अल्का


दरेकसा,
२९ डिसेंबर २०२५

चि. अल्कास आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या वहिनीनं मोठ्यानं वाचलं. दोन दिवस मी बांधीवरच काढले. मग तीच म्हणाली की तुम्ही नाई लिहिलं तर मी लिहितो, आणि मी काय काय लिहीन त्याचा भरवसा नाई. म्हणून बसलो.

थट्टा मी केली नाही. तू शिकलेल्यांच्या गावात राहून झाडीपट्टी विसरली. आमच्याकडे गाणं चढलं की शिट्ट्या पडतात, टोप्या उडतात, वन्समोर होतो. आणि गाणं पडलं की पब्लिक चूप बसते. अशा चूप बसण्याची मला भीती वाटते. एकदा सालेकश्याच्या बाजूला माझ्यावर ती वेळ आली होती. मी जीव तोडून गायलो आणि समोर हू की चू नाही. तेव्हा बायकांच्या बाजूनं एकच आवाज आला, वन्समोर. मग चार जण ओरडले, मग सगळे. तो पहिला आवाज तुझ्या वहिनीचा होता. तेव्हा लग्न झालं नव्हतं, फक्त बोलणी चालली होती. आपलं माणूस वरती एकटं उभं असलं की खालून कोणीतरी आवाज द्यावा लागते, एवढं मला माहीत आहे.

त्या दिवशी तो पाळणा ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. मी जन्मभर गायलो, पण इतकं हळू गाऊन इतकं भरता येते हे मला माहीत नव्हतं. रामलाल गाडीत दरेकसा येईपर्यंत बोलला नाही, आणि तो कसा बडबड्या आहे हे तुला सांगायला नको. असा पाळणा झाला, आणि एक टाळी नाही! मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, सगळे दगडासारखे. मला वाटलं पोरीचं गाणं पडलं. पहिल्याच दिवशी पडलं, आणि तिचा बाप समोर बसला आहे. मग मला बसवलं नाही.

तिकडे चूप बसणं हाच मान असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चूक झाली. तिला मी तोंड कसं दाखवू, म्हणून निघून आलो. तू तिला काय सांगायचं ते सांग.

गुलाबदादा


मुर्री,
५ जानेवारी २०२६

ती. मामाजींस,
सासरचा जयभीम आणि माहेरी आम्ही ख्रिस्ती म्हणतो तो सलाम, दोन्ही तुमच्या पायाशी.

तुम्हाला मी पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे. आईंनी तुमचं पत्र मला वाचायला दिलं आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन भांडी जोरजोरात घासत बसल्या. तुम्हाला बोलल्याचं त्यांना फार वाईट वाटतं आहे. पण त्या ते लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

मामाजी, आमच्या चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत हे खरं. पण त्या शांततेची मलाही भीती वाटते, हे मी आजवर कोणाला बोलले नव्हते. लोकांना आवडलं म्हणून ते गप्प आहेत की उगीच गप्प आहेत, हे पाठमोऱ्या माणसाला कळत नाही. त्या दिवशी तर माझं सगळं लक्ष मागे, तुमच्या बाकाकडे होतं. पाळणा संपला आणि मी हात वरच धरून वाट पाहत राहिले. मग तुमचा आवाज आला. मी दचकले, आणि लगेच मला रडूच आलं. दुसऱ्या वेळी आम्ही जास्त चांगलं गायलो, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

नंतर दारात एका म्हाताऱ्या बाईंनी माझे दोन्ही हात धरले. त्या म्हणाल्या की हा पाळणा पुन्हा गा असं म्हणावंसं मला लहानपणापासून वाटत आलं, पण चर्चमध्ये विचारणार कसं? तो ओरडणारा माणूस कोण, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, माझे मामाजी. माहेरी पप्पा तर रोज सकाळी चहा संपला की कप पुढे करतात आणि वन्समोर म्हणतात.

तुमच्या वाटणीच्या करंज्या डब्यात भरून ठेवल्या होत्या. त्यातल्या सुशिलाबाईंनी बऱ्याच संपवल्या. तुम्ही आलात की पुन्हा करीन. मामींना नमस्कार.

तुमची भाचेसून,
रीता


दरेकसा,
१२ जानेवारी २०२६

चि. सौ. रीता हिस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

या वेळी तुझं नाव सगळ्यात वर लिहिलं आहे. जागा पुरली. अल्काला दाखव. भांडी घासणं पुरे झालं, मी रागावलो नाही, असंही तिला सांग.

माघ पौर्णिमेला आमच्या विहाराच्या पटांगणात कार्यक्रम असतो. यंदा तुझं गायनमंडळ इकडे यावं असं मी आणि रामलालनं पंचमंडळींत ठरवलं आहे. तुझ्या वडिलांनाही आण, त्यांना बसायला आरामखुर्ची सांगून ठेवली आहे. रुख्मा सगळ्यांसाठी भात, मासे रांधणार. थंडी फार आहे, घोंगड्या आम्ही देऊ.

मी घरोघरी जाऊन सांगून राहिलो आहे की पाळणा संपला की कोणी टाळी वाजवायची नाही, शिट्टी मारायची नाही, टोपी उडवायची नाही. चूप बसायचं, त्यात मान असते. लोक विचारतात काऊन? मी सांगतो, तुम्हाले नाई कळणार, ते गोंदियाचं गाणं आहे. रामलाल पोरांना चूप बसायची तालीम देऊन राहिला आहे. तेव्हा सगळं गाव गप्प बसलं तर भिऊ नको. तुझं गाणं चढलं असं समज.

पण मी गप्प बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तुमच्या लग्नात मामाचा मान हुकला. तो मी इथे, सगळ्या गावासमोर घेईन. पाळणा संपेल, सगळे चूप होतील, आणि पाठीमागून एकच आवाज येईल. मागे वळून पाहू नको. तो तुझ्या मामाचा असेल.

तुझा,
गुलाबमामा