घराचा ताबा खेचरांकडे

अल्लाचे नाव घेऊन मी, बतूल बिन्त अयाशी, खोगीर शिवणारे मरहूम द्रीस यांची विधवा, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार फेज, चामडे कमावण्याच्या कुंडांमागची गल्ली, हे स्वहस्ते लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. कोणाला शंका असेल तर त्याने गल्लीतले कोणतेही खेचर समोर आणावे. मी त्याचे नाव सांगेन आणि त्याच्या मालकाची लक्षणेही. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. तशी छाती अजून कोणाची झालेली नाही.

कलम पहिले. माझ्या मयतीच्या दिवशी आधी जनावरांची वैरण होईल, मग मला उचलावे. मला कसली घाई असणार?

कलम दुसरे. मला मूलबाळ नाही. माझा एकमेव वारस म्हणजे मरहूम भावाचा मुलगा तौफीक. आमच्या कायद्याने मृत्युपत्रातून मालमत्तेचा तिसरा हिस्साच मर्जीने देता येतो, बाकी वारसाचे. कायद्याशी माझे भांडण नाही. तौफीकला त्याचे दोन हिस्से बिनतक्रार मिळावेत. ते कशाचे, ते पुढे येईल.

कलम तिसरे, सराईबद्दल. लग्नातला सोन्याचा कमरपट्टा मोडून मी ती पडकी सराई, वाटसरूंची जुनी धर्मशाळा, स्वतः राहायला आणि जखमी जनावरे ठेवायला विकत घेतली, कारण गल्लीत ओल्या कातड्यांच्या ओझ्याखाली एक खेचरी कोसळली होती आणि तिचा मालक इद्दर तिला काठीने बडवत होता. मी तिचे डोके मांडीवर घेऊन रस्त्यातच बसले.

"बाई, बाजूला हो! मेली तर माझी मरेल, तुझं काय जातं?"

"मग मेलेली समज आणि विक मला."

त्याने विकली. दुसऱ्या दिवशी ती उभी राहिली का, हे बघायला आला. तिसऱ्या दिवशीही आला. मग रोजच येऊ लागला, आणि एके सकाळी मी न सांगता त्याने बादली उचलली. तेव्हापासून आमचा क्रम ठरलेला: आधी जखमा, मग चारा, मग माणसांचा चहा. मिठाच्या कोमट पाण्याने पाठी धुवायच्या, खूर तासायचे, जखमेपुरते भोक ठेवून खोगिराखालची गादी शिवून द्यायची, मासळीबाजारातून आलेल्या मांजरांना हाकलायचे आणि मग त्यांनाच खाऊ घालायचे. भावाने माझ्याशी बोलणे टाकले. "गाढवांची आई" म्हणाला. मी म्हटले, बरे झाले, पोर झाले एकदाचे. भावाला मी माफ केले आहे. त्याच्या बायकोबद्दल अजून विचार चालू आहे.

कलम चौथे. मागच्या साली तौफीक एका श्रीमंत गिऱ्हाइकाला घेऊन आला आणि अंगणात मोजपट्टी टाकून बसला. पाण्याच्या हौदाच्या जागी त्यांना पोहण्याचा तलाव करायचा होता.

"आत्या, तू शंभर वर्षं जग गं, पण मोजून ठेवायला काय हरकत आहे?"

मी त्याला चहा पाजला आणि तशीच उठून काझीच्या लेखनिकाकडे गेले. सराई जनावरांसाठी वक्फ करते, अल्लाच्या नावाने कायमची दान, म्हटले. तो, आमच्याकडे बाईला मानाने म्हणतात तसे, म्हणाला, "लल्ला, नुसत्या कागदाने भागत नाही. तुम्हाला घर सोडावं लागेल. ताबा खरोखर जनावरांकडे जायला हवा, पुरतं वर्षभर. तेवढ्यात परत राहायला गेलात, तर वक्फ मोडला आणि घर भाच्याचं. जमेल?"

"न जमायला काय झालं?" असे ठसक्यात म्हणाले, आणि घरी येऊन हौदाच्या काठावर ढसाढसा रडले.

मी घर सोडते आहे, एवढेच तौफीकला कळवले. कोणासाठी, ते त्याने विचारले नाही. स्वारी धावत आली! माझी गादी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि गल्लीभर ओरडत निघाली, "ऐका हो! आत्याने घर सोडलं! आजपासून ती इथे राहत नाही!" रोटीवाल्याने ऐकले, हमामवालीने ऐकले, लेखनिकही तिथेच उभा होता. असा साक्षीदार मला शोधूनही सापडला नसता.

समोर रोटीवाल्याच्या माडीवर मी वर्ष काढले. पहाटे ओरडणारी जनावरे आवाजावरून ओळखत होते, पण उंबऱ्यावर पाऊल ठेवले नाही. कोणाला बोलायला जागा नको. थंडीत ती पहिली खेचरी जायला टेकली. इद्दरने तिला धरून धरून दारापर्यंत आणले. ती आत, मी बाहेर. हात लांब करून मी तिचे कान कुरवाळत राहिले. त्या वेळी आत शिरावेसे फार वाटले. शिरले असते, तर बाकीच्यांचे छप्पर गेले असते.

काल वर्ष भरले. काझींचा शिक्का बसला. सराई आता माझी नाही, तौफीकची होणार नाही, कोणाला विकता येणार नाही. हरलात हो पोहणारे!

कलम पाचवे. तेव्हा माझी मालमत्ता उरली ती अशी: ती गादी, दोन पातेली, किटली, आरसा, आणि द्रीसची दाभणे व आरी. दाभणे आणि आरी माझ्या मर्जीच्या हिश्शात इद्दरला. बाकी सगळे तौफीकला. गादी उचलायची त्याला सवय आहे.

कलम सहावे. वक्फाचा देखभालदार इद्दर राहील. आज सकाळी मी दाराशी जाऊन त्याला विचारले, "देखभालदार, कामाला बाई हवी आहे का?"

त्याने डोळे पुसले आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "वय जरा जास्त वाटतंय, लल्ला. जखमा धुता येतात?"

"येतात."

"मग बाहेर काय उभी राहिलीस? आत ये, पाणी निवतंय."

सही: बतूल बिन्त अयाशी, सराईतील नोकर

साक्षीदार: १. अल्लाल, रोटीवाला. २. रकिया, हमामवाली.

फेज, गुरुवार, १३ मार्च २०१४